एकशे सदतीस खुर्च्या

या अंकाच्या संपादकांनी फोनवर माझ्याकडे ‘लघुउद्योजकांनी परिणामकारक प्रपोजल कसे लिहावे’ या विषयावर मार्गदर्शनपर लेख मागितला. मी लगेच हो म्हटलं. दिवाळी अंकात मार्गदर्शन करायला एरवी साठी उलटावी लागते, आणि माझं वय त्याच्या निम्मंही नाही. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मार्गदर्शन करण्याजोगं मला जे काही येतं ते पाव पानात संपतं. संपादकांच्या मनातला लेख अप्पा बळवंत चौकात पुस्तकरूपाने मिळतो, वर सीडी फुकट. तो त्यांनी तिथून घ्यावा. मी दुसरंच लिहिते आहे.

प्रपोजल म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण माझ्या आईला अजून वाटतं की मी लग्नं जमवते. क्वोटेशन आपल्याला माहीत असतं: एक कागद, वर दुकानाचं नाव, खाली भाव. प्रपोजलमध्येही भावच असतो, पण तो शेवटच्या पानावर. त्याआधीची दहा-बारा पानं तो भाव वाचून गिऱ्हाइकाला घेरी येऊ नये म्हणून असतात. आम्ही कोण, तुमची अडचण काय, ती आम्ही कशी दूर करू, किती दिवसांत करू, आणि नाही केली तर काय. पाच प्रश्न, पाच उत्तरं. झालं मार्गदर्शन. पाव पान म्हटलं होतं, त्यातलंही थोडं उरलं.

पूर्वी याची गरज नसायची. पुण्यातला छोटा धंदेवाईक कारखान्याच्या स्टोअरमध्ये जायचा, तिथल्या साहेबांना नावाने ओळखायचा, दिवाळीला पेढ्यांचा पुडा द्यायचा, ऑर्डर घेऊन यायचा. मग देशाची दारं उघडली म्हणतात. दारं उघडली आणि आत आल्या काचेच्या इमारती, ज्यांचं दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही. आत कोणी कोणाला नावाने ओळखत नाही, गळ्यातल्या पट्टीवर वाचतात. त्यांना दुकानदार नको असतो, ‘व्हेंडर’ हवा असतो. म्हणून आमच्या वारज्यातला चहावाला एका रात्रीत ‘बेव्हरेज सोल्यूशन्स’ झाला आणि उंदीर मारणारे ‘हायजीन पार्टनर’. उंदरांना अजून कळवलेलं नाही.

मी या धंद्यात आले ती पत्रकांच्या वाटेने. बाबांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती योजना आली. त्यात स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती बाबांची. मी तेव्हा कॉलेजात होते. रागाने कामगार संघटनेच्या कचेरीत जाऊन बसायला लागले, आणि मराठी बरं आहे म्हणून पत्रकं लिहायला लागले. मंडईच्या दारात, कारखान्यांच्या गेटवर, पीएमटीच्या थांब्यांवर मी वाटलेल्या पत्रकांत पुण्यातल्या किती लोकांनी शेंगदाणे खाल्ले असतील, त्याची गणती नाही.

शिकवणारे होते कदमकाका. जुने फिटर, संपात काढून टाकलेले. त्यांचे नियम मोजके होते. लिहिण्याआधी गेटवर जायचं, आतल्या माणसांशी बोलायचं. एका पत्रकात एकच मागणी करायची. आकडा नेमका द्यायचा. काका म्हणायचे, “शेकडो कामगार लिहिलंस तर मालक हसतो. दोनशे अकरा लिहिलंस तर रजिस्टर काढून बघतो.” आणि शेवटचा नियम: जी गोष्ट एकाच माणसाला ठाऊक असू शकते, ती छापायची नाही. ती चौघांच्या तोंडून आली की मग छापायची. हे चारही नियम मला कोणी झोपेतून उठवून विचारले असते तरी म्हणून दाखवले असते. पाढे पाठ असले म्हणजे हिशेब चुकत नाही असं नाही, हे पुढे येईलच.

नारायण पेठेतल्या ज्या छापखान्यात आमची पत्रकं छापली जात, त्याचे मालक मोडक एक दिवस प्रूफ वाचता वाचता मला म्हणाले, “अहो, तुम्ही शिव्या इतक्या उत्तम लिहिता. कधी विनंती लिहून बघा, त्याला पैसे मिळतात.” त्यांच्याकडे बिलबुकं छापायला येणारे लोक ‘कंपनीला द्यायचा तो कागद’ मागत, आणि तो लिहायला कोणी नव्हतं. बाबा घरी बसलेले होते. मी मोडकांच्या डीटीपीवाल्याशेजारी स्टूल टाकून बसले. संघटनेतले मित्र मला ‘भांडवलशाहीची टंकलेखिका’ म्हणू लागले. त्यातले दोघे आज सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. मी त्यांना काहीच म्हणत नाही, ते गाडीतून जाताना काच खाली करत नाहीत म्हणून.

पहिलं काम शोभाताईंचं. वारज्यात त्या आणि त्यांच्या दोन जावा पोळी-भाजीचे डबे करायच्या. एका कॉल सेंटरला रोजचे शंभर डबे द्यायची संधी होती. मी नियमाप्रमाणे गेटवर गेले, तिथल्या मुलामुलींशी बोलले, त्यांच्या कँटीनमधल्या भाजीबद्दल जे ऐकलं ते लिहिलं. सुरुवात अशी होती: ‘आपले कर्मचारी गेले सहा महिने शिळे अन्न खात आहेत. याला जबाबदार कोण?’ शेवट असा होता: ‘याबाबत आपण तातडीने खुलासा कराल अशी अपेक्षा आहे.’ मधे कुठेतरी डब्यांचा भावही होता.

खुलासा आला नाही. ऑर्डर तर नाहीच. शोभाताईंनी प्रत परत मागून घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, आपल्याला तिथे डबे न्यायचे होते ना? मला वाटलं मोर्चा न्यायचाय.”

मी सुधारले. म्हणजे गोड झाले. ‘आपल्या नामांकित संस्थेस’, ‘सेवेची एक संधी’, ‘परस्पर वृद्धीसाठी’. पहिले काही महिने असली वाक्यं लिहून झाल्यावर मी चूळ भरत असे. पुढे सवय झाली. सहा बाय दहाच्या गाळ्याला मी ‘व्हिजन’ लिहून दिली, ज्या गाळ्याला खिडकी नव्हती. डास मारायचा धूर सोडणाऱ्या वाघोलीच्या एका गृहस्थांना ‘मिशन’ पाहिजे होतं. मी विचारलं, तुमचं मिशन काय? ते म्हणाले, “डास.” याहून स्वच्छ मिशन मी नंतर कुठल्याही मोठ्या कंपनीचं वाचलेलं नाही, पण तेव्हा मी ते बदलून साडेतीन ओळींचं केलं.

सगळेच गोड व्हायला तयार नसत. लेले नावाचे एक गृहस्थ पितळी आणि ॲक्रिलिकचे नामफलक करायचे. केबिनच्या दारावर लावतात ते. मी त्यांच्या प्रपोजलवर ‘नेमप्लेट सोल्यूशन्स’ असं टाकलं. त्यांनी ते लाल पेनने खोडलं. म्हणाले, “मी फलक करतो. लोकांचे प्रश्न सोडवत नाही. ते सोडवायला गेलो तर फलक कोण करणार?” मग त्यांनी सांगितलेलं मी लिहून घेतलं: ‘मजकूर शुद्ध लिहून द्यावा. अशुद्ध दिल्यास शुद्ध करून कोरला जाईल. हुद्दा बदलल्यास फलक परत घेतला जाणार नाही. घाई असल्यास दुसरीकडे जावे.’ मी म्हटलं, लेलेकाका, हे प्रपोजल नाही, ही धमकी आहे. ते म्हणाले, “आपण पाठवा.” पाठवलं. आणि संतापाची गोष्ट अशी की त्यांना काम मिळालं. तिथल्या साहेबाला म्हणे ते ‘रिफ्रेशिंग’ वाटलं. शोभाताईंच्या वेळी माझ्या फटकळपणाने ऑर्डर गेली होती, आणि लेल्यांच्या फटकळपणाने आली. फरक एवढाच की लेल्यांचा फटकळपणा स्वतःच्या मालाबद्दल होता, माझा दुसऱ्याच्या. हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता रफिकचाचा.

मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचा गादी कारखाना. कारखाना म्हणजे तीन भावांचा एक गाळा, पुढे कापसाचे गठ्ठे, मागे शिलाईचं मशीन. वडील घरोघर जाऊन कापूस पिंजायचे. मग फोमच्या गाद्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शोरूममध्ये आल्या आणि कापूस पिंजणं लोकांना खोकल्याचं कारण वाटू लागलं. चाचा सोफ्याकडे वळले, तिथून ऑफिसच्या खुर्च्यांकडे. फिरत्या खुर्चीला वर-खाली करणारा पंप बदलणं, चाकं, हात, फोम, कापड, सगळं ते करायचे. एकदा त्यांचं काम झालेली खुर्ची कंपनीच्या नव्या खुर्चीशेजारी ठेवून मला ओळखायला लावली. मी चुकले.

पण धाकट्या दोन भावांना गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचा होता. मोबाइलवाला तयार होता, रंग कुठला द्यायचा तेसुद्धा त्याने ठरवलं होतं. चाचांनी दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. तोवर एखादं मोठं, वर्षभराचं काम मिळालं तर दुकान राहणार, नाही तर शटरवर सिमकार्डाची जाहिरात. बिलबुक छापायला आले होते, मोडकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“बेटा, मला बोलता येत नाही असं नाही,” ते म्हणाले, “पण त्या लोकांना कागद लागतो. आणि कागदावर माझा हात फक्त सही करायला जातो.”

एका मुलाची खुर्ची त्यांनी नुकतीच दुरुस्त केली होती. तो नगर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने सांगितलं होतं की आमच्याकडे खुर्चीचा पंप गेला की खुर्चीच बदलतात. एवढा धागा मला पुरेसा होता. मी गेटवर गेले.

काचेच्या इमारतीचं गेट हे कारखान्याच्या गेटपेक्षा वेगळं असतं. भोंगा नसतो, लोक एकदम बाहेर येत नाहीत, आणि जे येतात ते फोनवर बोलत येतात. तिथे बोलायला मिळतात ते फक्त तीन प्रकारचे लोक: झाडणाऱ्या बायका, ड्रायव्हर आणि सिक्युरिटी. समोरच्या टपरीवर दुपारी तीनच्या सुमारास सिक्युरिटीचा एक माणूस चहा प्यायला यायचा. देविदास राऊत, यवतमाळकडचा. वाघोलीत एका खोलीत चौघे मिळून राहायचे. एजन्सीने त्याला गच्चीची ड्यूटी दिली होती. लोकांनी वर जाऊन सिगारेट ओढू नये म्हणून. आठ तास गच्चीवर, उभं राहून.

“उभं का?” मी विचारलं.

“बसाले मनाई हाये,” तो म्हणाला. आणि मग स्वतःलाच मजा वाटल्यासारखा हसला. “आन् वर खुर्च्याच खुर्च्या पडल्या हायेत, ताई. मोडल्या की वर आणून टाकतात. मी मोजल्या एक दिवस. एकशे सदतीस.”

मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की एकशे सदतीस? तो म्हणाला, दोनदा मोजल्या, दुसरं काम काय असतं? मग त्याने बोटांवर सांगितलं, कितींचा पंप गेलाय, कितींची चाकं, कितींचे हात. मी त्याच्या चहाचे पैसे दिले, तेही त्याने आढेवेढे घेऊन देऊ दिले.

माझ्यासारख्या पत्रकवालीला आणखी काय हवं? एकशे सदतीस खुर्च्या, आणि त्यांची राखण करणाऱ्याला बसायची परवानगी नाही. यावर मी डोळे मिटून पत्रक लिहिलं असतं. पण मी आता धंद्यात होते, शहाणी झाले होते. बसायच्या परवानगीचं मी गाळलं. खुर्च्यांचं ठेवलं.

ते प्रपोजल मी आजवर लिहिलेल्यांत सगळ्यात चांगलं होतं. अवघं चार पानांचं. व्हिजन नाही, मिशन नाही. पहिल्या पानावर पहिलं वाक्य: ‘आपल्या इमारतीच्या गच्चीवर आज एकशे सदतीस खुर्च्या पडून आहेत. त्यांपैकी बहुतेक खुर्च्यांचा एकच भाग निकामी आहे.’ पुढे कोणता भाग, किती खुर्च्यांचा, दुरुस्तीला किती दिवस, नव्या खुर्चीच्या किमतीच्या किती अंशात काम होईल. शेवटी लेल्यांकडून शिकलेलं एक पान: ‘आम्ही काय करू शकत नाही.’ जाळीच्या पाठीच्या खुर्च्यांची जाळी आम्ही बदलत नाही. तुटलेला बेस जोडत नाही, तो धोक्याचा असतो. चाचांना हे पान फार आवडलं. म्हणाले, “हे बरं केलंस. नंतर तोंड लपवायला नको.”

बोलावणं आठवड्यात आलं. आम्ही दोघे गेलो. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पंप काढायचा पाइपपान्हा कापडात गुंडाळून आणला होता. गेटवर ते अवजार काढून घेतलं आणि पावती दिली. आत मोठे साहेब होते आणि शेजारी ॲडमिनचे साहेब. मोठ्या साहेबांना प्रपोजल आवडलं होतं. मी लिहिलेली पानं त्यांनी ॲडमिनच्या साहेबांपुढे सरकवली आणि अत्यंत सौम्य आवाजात विचारलं की हे आपल्याला बाहेरच्या माणसाकडून का कळावं. ॲडमिनच्या साहेबांचा चेहरा मी बघितला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कदमकाकांची शिष्या! रजिस्टर काढून बघायला लावलं मी.

निघताना ॲडमिनच्या साहेबांनी मला लिफ्टपाशी गाठलं. “मॅडम, फार छान रिसर्च आहे. हा आकडा आमच्याकडेपण नाहीये. कुठून मिळाला?”

मी म्हटलं, “आम्ही अभ्यास केल्याशिवाय लिहीत नाही.”

आणि हसले. ते हसणं मला अजून आठवतं, मुख्य म्हणजे त्यांनी परत केलेलं.

दसऱ्याच्या आधी नऊ दिवस ऑर्डर आली. गच्चीवरच्या सगळ्या खुर्च्या आणि पुढे वर्षभराची देखभाल. चाचांच्या भावांनी मोबाइलवाल्याला नाही म्हणून कळवलं. चाचांनी मोडकांच्या छापखान्यात सगळ्यांना शीरखुर्मा आणून दिला, ईद नव्हती तरी. मोडकांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाले, “बघा, विनंतीला पैसे मिळतात.”

टेम्पो घेऊन चाचा पहिली खेप आणायला गेले आणि दुपारी परस्पर माझ्याकडे आले. स्टुलावर बसले. डीटीपीवाल्याला त्यांनी पंखा बंद करायला सांगितलं, आवाजात बोलता येत नाही म्हणून. म्हणाले, गच्चीची किल्ली नव्या माणसाकडे होती. गप्पांत त्याला विचारलं की आधी कोण होतं. तर तो म्हणाला, राऊत म्हणून होता, त्याला काढला. आतली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून.

“बेटा, त्याचं नाव तू कागदात लिहिलं होतंस?”

“नाही, चाचा. नाव कसं लिहीन?”

“मग काय लिहिलं होतंस?”

“आकडा,” मी म्हटलं.

मोडक त्यांच्या टेबलावरून बघत होते. गच्चीला एक दार, दाराला एक कुलूप, कुलपाची एक किल्ली. तो आकडा जगात एकाच माणसाला ठाऊक असणं शक्य होतं, आणि मी तो पहिल्या ओळीत ठळक टाइपात छापला होता. पत्रकात मी हे कधी केलं नसतं. पत्रक लिहिताना मला माहीत असायचं की पलीकडे शत्रू आहे. प्रपोजल लिहिताना मला वाटलं, पलीकडे गिऱ्हाईक आहे. माझ्या लेखी राऊत म्हणजे ‘अभ्यास’ होता.

चाचांनी विचारलं, “मी काम परत करू?”

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

“परत केलं तर त्याला ठेवून घेतील?”

“नाही.”

“मग दुकानातल्या माझ्या दोन माणसांचंही काम घालवून काय मिळेल?” ते उठले. “पण तू जाऊन ये त्याच्याकडे. मी आलो तर त्याला वाटेल, हा खुर्च्या घेऊन सांगायला आला.”

मी आधी गेले नाही. आधी मी माझ्या स्वभावाला शोभेल ते केलं. कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं, कामगार कायद्यासकट. कंपनीचं उत्तर आलं की सदर व्यक्ती आमची कर्मचारी नव्हती, एजन्सीची होती. एजन्सीत गेले. तिथल्या माणसाने अत्यंत आदराने खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की आम्ही कोणाला काढत नाही, फक्त ड्यूटी देत नाही. नव्या अर्थव्यवस्थेचं एवढं नेमकं वर्णन मला अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मी त्याला भरपूर सुनावलं. तो मान डोलावत राहिला. कदमकाकांकडे गेले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि फक्त विचारलं, “त्या माणसाकडे गेली होतीस का?”

मग टपरीवाल्याकडून पत्ता घेऊन गेले. रविवार होता, सकाळी अकराच्या सुमारास. वाघोलीत कॉलेजच्या मागे नव्या इमारती उठतायत, त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्या. राऊत बाहेर दोरीवर युनिफॉर्म वाळत घालत होता. जुन्या एजन्सीचा, परत द्यायचा म्हणून धुतलेला. मला बघून त्याने आतून एक स्टूल आणलं आणि स्वतः उभा राहिला. मी म्हटलं, तुम्ही बसा. तो म्हणाला, सवय हाये.

मी सरळ सांगितलं. आकडा मी छापला, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. यासाठी मी बसमध्ये बरंच भाषण तयार केलं होतं, त्यातलं हे एवढंच वाक्य बाहेर आलं.

“मले समजलं होतं,” तो म्हणाला. “त्या साहेबानं तो कागद दाखवला मले. मी म्हटलं, वा, बाईनं बरोब्बर लिवलं.” मग त्याने विचारलं, “खुर्च्या नेल्या का त्या चाचानं?”

मी म्हटलं, नेल्या.

“चांगलं झालं. पावसात सडत होत्या.”

मी त्याला म्हटलं की आपण तक्रार करू, संघटनेत वकील आहेत. त्याने ऐकून घेतलं. मग खोलीत जाऊन एक फॉर्म आणला. दुसऱ्या एका एजन्सीचा, इंग्रजीत छापलेला. सोमवारी द्यायचा होता. त्याला म्हणे हेच हवं होतं कोणाकडून तरी, की फॉर्म नीट भरून द्यावा. वकील नको.

मी भरायला घेतला. नाव, गाव, उंची, शिक्षण. सगळं सरळ होतं. मग एक रकाना आला: आधीची नोकरी सोडण्याचं कारण. अडीच ओळींची जागा. मी लिहीत सुटले. की हा माणूस प्रामाणिक आहे, याने कोणताही गैरप्रकार केलेला नाही, एका तिऱ्हाईत व्यक्तीच्या निष्काळजी लेखनामुळे याच्यावर अन्याय झाला आहे, आणि सदर व्यक्ती हे मान्य करत आहे. अडीच ओळी पुरल्या नाहीत, समासात गेले. खाली माझं नाव आणि फोन नंबर. पेन खाली ठेवलं तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं.

“वाचून दाखवा,” तो म्हणाला.

मी मराठीत सांगितलं, शब्दन् शब्द. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. दोरीवरच्या शर्टाची बाही सरळ केली.

“खोडा ते, ताई.”

“का? खरं आहे ते.”

“खरं हाये. पण हे वाचून मले कोण घेईन?” त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “खरं लिवून एकदा पाह्यलं ना तुमी. आता ‘घरगुती कारण’ लिवा.”

फॉर्म एकच होता. खोडलेला फॉर्म घेत नाहीत. मी वाघोलीच्या चौकात जाऊन त्याच एजन्सीच्या कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स शोधत फिरले, एका सायबर कॅफेत मिळाली. परत येऊन पुन्हा नाव, गाव, उंची, शिक्षण, आणि त्या रकान्यात दोन शब्द. अडीच ओळींची जागा जवळजवळ सगळी रिकामी राहिली. परिणामकारक कसं लिहावं हे मी लोकांना पैसे घेऊन सांगत होते, आणि बारा वर्षं शाळेतही न गेलेल्या माणसाने मला ते फुकटात सांगितलं.

त्याला काम मिळालं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर. तिथे केबिन आहे, आणि केबिनमध्ये खुर्ची. मी हे सांगून शेवट गोड करते आहे असं वाटू देऊ नका. मधले एकोणीस दिवस तो बिनपगारी होता, गावाकडे त्याने ते कळवलं नव्हतं, आणि नव्या ठिकाणी पगार आधीपेक्षा कमी आहे. चाचा त्याला एकदा स्वतः भेटून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चाचांचं दुकान चालू आहे. माझं प्रपोजल त्यांनी लॅमिनेट करून मशीनच्या वर लावलं होतं, ते नंतर दिसेनासं झालं.

मी अजून हाच धंदा करते. गेटवर अजून जाते. आता माझ्या प्रपोजलमध्ये ‘सुमारे’ असतं. सुमारे शंभर, सुमारे दीडशे. गिऱ्हाइकं कुरकुरतात. परवाच एक जण म्हणाले, “मॅडम, नेमका आकडा टाका हो, जरा वजन येतं.”

मी त्यांना म्हटलं, वजन येतं, हे मला माहीत आहे. ते कोणावर येतं, हे तुम्ही मला आधी सांगा, मग टाकते.